थांबासाहेबांची दुरुस्ती

थांबासाहेबांना काहीही सांगायला जा, त्यांचा उजवा पंजा आधी वर यायचा. "थांबा. आधी काय झालं, मग काय झालं?" घरी पाहुणे आले एवढंच सांगायचं असलं तरी सुटका नसे. वीज आधी गेली की पाहुणे आधी आले, हे ठरल्याशिवाय ते पुढे सरकू देत नसत. सुरुवातीला मला त्यांचा भयंकर राग यायचा. चिकलठाण्याच्या आमच्या छोट्या कंपनीत त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवसापुरतंच उरलं होतं.

आम्ही पत्रा दाबणाऱ्या प्रेसचे कंट्रोलर बनवायचो. त्यातल्या कर्नलचं, म्हणजे यंत्राचा कारभार हाकणाऱ्या सर्वांत आतल्या प्रोग्रामचं काम साहेबांकडे, आणि मी त्यांच्या हाताखाली. शहर तेव्हा वाळूजकडे, पैठण रस्त्याकडे नुसतं धावत सुटलं होतं. शेड उभी राहायच्या आत ऑर्डर यायच्या. अशा घाईत साहेब काय करत, तर लिहीत बसत. कोडमधली कुठली ओळ का आहे, ती काढली तर काय होईल, ते कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर तिथे कसा दगा देतो. मालक म्हणायचे, "अहो, यंत्र विकायचंय, पोथी नाही." साहेब मान डोलवायचे आणि पुढचं पान घ्यायचे.

कंपायलरबद्दल ते घरातल्या अतिहुशार जावयाबद्दल बोलावं तसं बोलत. "त्याला वाटतं, या दोन ओळींचा एकमेकींशी संबंध नाय. मग तो आपल्या सोयीनं मागंपुढं करतो. त्याचं काय चुकलं? आपण त्याला सांगितलंच नव्हतं."

एकदा एक प्रेस चालता चालता मध्येच अडकायला लागली. कारण शोधायला मी प्रोग्राममध्ये आकडे छापणारी एक ओळ घातली, तर प्रेस एकदम सुरळीत! ओळ काढली की पुन्हा अडकायची. मालक खूश होऊन म्हणाले, राहू द्या ती ओळ, माल पाठवा. साहेबांनी माल अडवला. "दोष गेला नाय, नुसता दबून बसलाय." तो सापडेपर्यंत त्यांनी डबा उघडला नाही. सापडल्यावरही आधी पान लिहिलं आणि मग जेवले. मी मात्र केव्हाच जेवले होते.

साहेब खुलताबादकडच्या एका खेड्यातले. नामांतराच्या दंगलीत त्यांच्या वस्तीतली घरं जाळली गेली, त्यात त्यांचंही गेलं. पुढे सत्याग्रहात ते हर्सूलच्या तुरुंगात जाऊन आले. स्वतःहून हा विषय ते काढत नसत. एकदाच काढला. दोन प्रोसेसर एकच मेमरी वापरतात तेव्हाची भानगड माझ्या डोक्यात शिरेना. तेव्हा म्हणाले, "विधिमंडळानं ठराव केला. लिहून झालं. मग विद्यापीठाच्या फाटकावर नाव दिसतं का? नाय. मधीच कुठंतरी अडकून पडलंय. हे तसंच. एकानं लिहिलं म्हणजे दुसऱ्याला दिसलं, असं धरून चालायचं नाय." मला हसू आलं. ते हसले नाहीत.

पुढे मालकांनी तो कर्नल एका मोठ्या कंपनीला विकला, आणि ज्या पोथीची टिंगल केली तीही सोबत विकली. नवी प्रत छापून आली तेव्हा तिच्यावर साहेबांचं नाव कुठेच नव्हतं. लेखकाच्या जागी कंपनी. मला नव्या लोकांनी ठेवून घेतलं, साहेबांना नाही. मी तणतणत त्यांच्या घरी गेले. "तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?"

"लागतं ना. लई लागतं," ते म्हणाले. "घर जाळलं तवा ते लोक निदान समोरून आले व्हते."

मग ते आजारी पडले. मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा सहज सांगितलं, की चितेगावच्या कारखान्यात आता साहेबांच्याच कर्नलवर चालणारे नवे, दोन प्रोसेसरचे कंट्रोलर बसलेत. ते खाटेवर उठूनच बसले. "मग तिसरं पान खोटं झालं."

हात आत गेला की प्रेस रोखणारा प्रकाशाचा एक पडदा असतो. नव्या कंट्रोलरमध्ये पहिला प्रोसेसर आधी 'हात आत आहे' असं लिहितो आणि मग 'नवी माहिती आली' अशी खूण करतो. दुसरा ती खूण बघून माहिती वाचतो आणि प्रेस चालवायची की रोखायची ते ठरवतो. क्रम बदलू नको, हे कंपायलरला बजावलं की पुरतं, असं तिसऱ्या पानावर होतं, आणि एकाच प्रोसेसरच्या जुन्या बोर्डावर ते खरंही होतं. पण नव्या बोर्डावर कंपायलरनं ऐकलं तरी लिहिलेलं वाटेत रेंगाळायचं. खूण आधी पोचली, की दुसऱ्याच्या लेखी हात अजून बाहेरच. "लिहिल्यावर तीच जागा परत वाचा, मगच खूण करा," साहेबांनी धापा टाकत दुरुस्ती सांगितली. मी लिहून घेतली.

नव्या कंपनीतल्या अधिकाऱ्यांनी कागद हातातसुद्धा घेतला नाही. दुरुस्ती फक्त मूळ लेखकाकडून घेतात म्हणे, आणि मूळ लेखक म्हणजे कंपनी. माझं डोकं फिरलं. पण भिंतीशी भांडून काय मिळतं?

मी दवाखान्यात परतले आणि झालं ते सांगितलं.  साहेब म्हणाले, "कागदाचं ऱ्हाऊ दे. प्रेसवर जे कोणी असंल त्याला जाऊन सांग."

जायला मला उशीरच झाला. चितेगावच्या शेडमध्ये प्रेसवर डोक्याला रुमाल बांधलेल्या एक बाई होत्या. मी म्हणाले, अडकलेला पत्रा काढताना त्या पडद्यावर विसंबू नका, मेन स्विच बंद करूनच हात घाला. बाईंनी हातातला पत्रा खाली ठेवला.

"आमाला शिकवताना असं कोणीच सांगितलं नाय. कोण म्हनलं?"

"उत्तम किसन साळवे," मी म्हणाले. "या यंत्राच्या आतलं सगळं त्यांनीच लिहिलंय."

"मंग त्यांनाच घिऊन या की एकदा इथं. समद्यांना सांगतील."

साहेबांना आदल्याच दिवशी अग्नी दिला होता. मला ते सांगवेना. मी बाईंना मेन स्विच कुठे आहे ते विचारलं आणि आम्ही दोघींनी तो बंद करून पाहिला.