विनोदी म्हणू नका

सुमनताई गेल्या त्याला महिना झाला. त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा वाईट वाटलं... राग आला तो दुसऱ्या दिवशी. ज्या दैनिकात मी उपसंपादक होतो आणि ताईंनी नव्वदच्या दशकात सहा वर्षं सदर लिहिलं, त्यातच बातमी होती : 'खुसखुशीत विनोदी लेखिकेचे निधन'. ताईंना कुणाला हसवायचं नव्हतं. त्या चिडलेल्या होत्या.

हातकणंगल्याजवळच्या एका खेड्यात त्या शिक्षिका. सदर 'पावणं' या टोपणनावानं चाले. लिहिणारी बाई आहे हे फक्त संपादकांना आणि मला ठाऊक. त्या गावात नळयोजनेचं तिसऱ्यांदा उद्घाटन झालं, पाण्याचा थेंब नाही. शाळेतल्या मुली तास बुडवून विहिरीवर जात. ताईंनी लिहिलं, 'सायबांनी नळाला हार घातला. नळ लाजला. म्हणून पाणी आलं न्हाय.' सगळं कोल्हापूर हसलं. ते साहेब, म्हणजे जिल्हा परिषदेचे सभापती, मात्र थेट आमच्या कचेरीत आले. "पावणं कोण हाय, तेवढं सांगा की," म्हणाले. संपादकांनी माझ्यासमोर नाव सांगितलं. मग चहा मागवला. मीही तो प्यायलो.

पंधरा दिवसांत ताईंची बदली झाली, पार गगनबावड्याकडच्या डोंगरात. पुढचा लेख त्यांनी आभाराचा पाठवला : 'सायबांनी मला हवापालटाला धाडलं. हितं नळच न्हाय, तवा उद्घाटनाची भीती न्हाय.' तो छापला गेला नाही. सदरही बंद झालं. मी भेटायला गेलो, म्हणालो, "ताई, जरा सौम्य लिहिलं असतं तर..."

"सौम्यच लिवलं की. सरळ लिवलं असतं तर तुमी छापलंच नसतं." मग म्हणाल्या, "नाव कुणी सांगितलं?"

मी खाली बघितलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

शोकसभेला अध्यक्ष तेच साहेब. "ताईंनी आम्हाला पोटभर हसवलं," म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या... मी उठून बोलायला हवं होतं. उठलो नाही, म्हणून आता लिहितो आहे. त्यांचं नाव आमच्या कचेरीतून फुटलं आणि मी तिथं बसलो होतो.

परवा त्यांच्या मुलीनं ताईंची खोली दाखवली. पेपर पेन्सिल घेऊन वाचायची त्यांची सवय सदर बंद झाल्यावरही सुटली नव्हती. खाटेवर शेवटच्या आठवड्यातले अंक होते. रेघा वाकड्या आहेत. पण प्रत्येक बातमीतल्या 'लवकरच' या शब्दाभोवती गोल आहे, आणि शेजारी लिहिलंय : 'कवा?'