बोर मारलेलं इंजिन

लग्नात सासऱ्यांनी मला एक नवी कोरी फटफटी दिली. बायकोनं मला आठवडाभरात ओळखलं, फटफटीला दोन वर्षं लागली. मी भोकरदनला कचेरीत कारकून. सासुरवाडी अंबड तालुक्यात, आणि सासरे गावचे सरपंच. म्हणजे जत्रा कमिटीचे अध्यक्षही तेच, हे वेगळं सांगायला नको.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. चैत्रातल्या जत्रेत कुस्त्या संपल्या की फटफट्यांची शर्यत लागायची. ज्वारी काढून मोकळ्या झालेल्या रानात, लिंबाच्या झाडापासून नाल्याच्या बांधापर्यंत सरळ गाडी पळवायची. जो आधी पोचेल त्याला फेटा आणि माइकवरून पुकारा. पहिल्या वर्षी मी मोठ्या ऐटीत उतरलो आणि दूधवाल्यानं मला हरवलं, तेही दोन्ही बाजूंना रिकामे कॅन लटकवून. जावई भर जत्रेत कॅनवाल्याकडून हरला म्हणून सासूबाईंना दोन दिवस जेवण गेलं नाही. पुढच्या जत्रेआधी नियम आला: दुधाच्या गाड्या बाद, कारण कॅनमुळे तोल सुधारतो. दूधवाला म्हणाला, "मी कॅन काढून ठिवतो ना." कमिटी म्हणाली, "कॅन काढले तरी गाडी दुधाचीच."

दुसऱ्या वर्षी मी जिंकणारच होतो. पण अंबड रोडवर टपरी टाकून बसलेले चाचा भंगारातून उभी केलेली गाडी घेऊन आले. चाचा पन्नाशीचे, हैदराबादेत इंजिनकाम शिकलेले. पण टपरीवर जुनं टायर टांगलेलं, म्हणून सगळा तालुका त्यांना 'पंक्चरवाला' म्हणायचा. हे त्यांना फार लागायचं. एकदा मला म्हणाले होते, "तीस साल झाले जावईबापू, इंजिनं खोलून राह्यलो. एकदा तरी चार लोकांत कुणी मिस्त्री म्हणावं, बस."

त्या दिवशी चाचा बांधावर पोचून, गाडी स्टँडला लावून, विडी पेटवून बसले, तेव्हा मी पोचलो. सासऱ्यांनी तोंड कडू करून माइकवर पुकारलं, "पहिला नंबर, पंक्चरवाला!" चाचांनी फेटा बांधून घेतला, पण त्यांचा चेहरा पडला होता. मला हळूच म्हणाले, "पुढच्या बारीला सासऱ्यांना सांगा ना, मिस्त्री म्हणा म्हणून." मी म्हणालो, "बिलकुल सांगतो." सांगितलं नाही.

पुढे गुपित फुटलं. चाचांनी सिलिंडर बोर करून, म्हणजे आतून थोडं कोरून, मोठा पिस्टन बसवला होता. कमिटी बसली. नियम ठरला: बोर मारलेलं इंजिन बाद. एका म्हाताऱ्या सभासदानं विचारलं, "आपल्या गावात तीन बोर मारले, थेंब लागला न्हाई. मंग ह्याच्या इंजिनाला काय लागलं?" याचं उत्तर कुणालाच देता येईना, म्हणून ठराव एकमतानं मंजूर झाला.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका मासिकात वाचलं की परदेशातही मोटारींच्या शर्यतीत एखादं इंजिन फार जिंकायला लागलं की नियमावली जाड होते. कारणं छापलेली होती: सुरक्षितता, वाढता खर्च, बरोबरीची स्पर्धा. मला तर वाचताना तिथंही कुणाचा तरी जावईच दिसत होता. इंजिन बाद होण्याचं कारण निम्म्या वेळा इंजिनात नसतंच, मागच्या वर्षीच्या निकालात असतं.

तिसऱ्या जत्रेच्या महिनाभर आधी मी पेट्रोलमध्ये ऑईल टाकायला विसरलो. अंबडच्या अलीकडे भर उन्हात इंजिन जाम झालं. ढकलत चाचांच्या टपरीवर नेलं. चार दिवसांनी गाडी हातात देत चाचा म्हणाले, "बोर करावं लागलं जावईबापू. दुसरा इलाज नव्हता." मी घाबरून इकडंतिकडं पाहिलं. चाचा नुसते हसले.

जत्रेच्या दिवशी नवीच पंचाईत. इंजिन बोर मारलेलं आहे की नाही हे तपासणार कोण? हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, खोलून पिस्टनवरचा मापाचा नंबर वाचणारा माणूस पंचक्रोशीत एकच होता, आणि त्याचीच गाडी बाद होती. सासऱ्यांनी त्यालाच बोलावलं. चाचा म्हणाले, "येतो. माइकवर मिस्त्री म्हणाल?" सासरे म्हणाले, "म्हणू की, त्यात काय!"

आठ गाड्या ओळीनं उभ्या. चाचा एकेक हेड खोलत आले. मग माझं खोललं. एका शब्दात ते मला आणि सासऱ्यांना अख्ख्या जत्रेत उघडं पाडू शकत होते. त्यांनी नंबर पाहिला, फडक्यानं पुसला, हेड बसवलं आणि म्हणाले, "बराबर आहे. कंपनीचंच."

मी जिंकलो. बोर केल्यापासून गाडी पहिल्यापेक्षा जोरात पळत होती. सासरे माइकवर ओरडले, "पंक्चरवाल्यानं तपासलेल्या गाड्यांतून पहिला नंबर, आपले जावईबापू!" मग माइक माझ्या हातात दिला, दोन शब्द बोला म्हणाले. चाचा समोरच उभे होते, हाताचं ग्रीस पुसत, माझ्याकडं बघत. मी कमिटीचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी लाज वाटून फेटा घेऊन टपरीवर गेलो. म्हणालो, "चाचा, खरं का नाही सांगितलं?"

चाचा ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होते. म्हणाले, "आठातली पाच इंजिनं माझ्याच हातानं बोर झालेली. पंक्चरवाला असतो तं माइकवर सांगून टाकलं असतं. मिस्त्री गिऱ्हाइकाच्या इंजिनाची गोष्ट बाहेर करत न्हाई."

त्या दिवसापासून मी त्यांना मिस्त्री म्हणायला लागलो. पण टपरीवर, आजूबाजूला कुणी नसताना.