आईचा बंब दुकानात येतो

हैदराबादला थंडी नसते म्हणणाऱ्यांनी डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी अंबरपेठेत आमच्या दुकानात येऊन बसावं. हार्मोनियम दुरुस्तीचं दुकान आमचं. मागे पत्र्याची कामाची खोली. तिथे चिकटवायचा सरस लाकडाला लागायच्या आधीच थिजतो, आणि वडिलांची बोटं सरसाच्याही आधी.

या हिवाळ्यात एका सकाळी त्यांच्या हातून सुराची पितळी पट्टी दोनदा निसटली. त्यांनी चष्मा डबीत ठेवला आणि म्हणाले, "उद्यापासून तू बघ. मी घरी बसतो."

घरी आईने कपाळाला हात लावला. "घरी बसणार म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांना नंबर लावणार!" पण रात्री ती नीट जेवली नाही. काम सुटलं की हा माणूस भात्यातली हवा गेल्यासारखा बसेल, हे ती माझ्याहून जास्त ओळखून होती.

मी हीटर आणला. दुकानाचा फ्यूज उडाला. मग माझी नजर गेली बाल्कनीतल्या तांब्याच्या बंबावर. आईने तो लग्नात परभणीहून आणलेला. गीझर आल्यापासून त्यात झाडू उभे असतात. दर दिवाळीला ती तो चिंचेने लखलखीत घासते आणि झाडू परत आत ठेवते.

"लाकडाचे तुकडे आपल्याकडे ढिगाने," मी हात पसरून घोषणा केली, "बंब पेटवू, खोली उबदार!"

"भुशात विस्तव?" वडील म्हणाले. "त्यापेक्षा दुकानालाच काडी लाव."

मी ऐकतो होय! बंब ऑटोत मांडीवर बसवून नवरीसारखा दुकानात नेला, दुसऱ्या सकाळी वडिलांनाही ओढून आणलं आणि तो खोलीच्या मधोमध पेटवला. बघता बघता धूर असा दाटला की वडील कुठे आहेत ते खोकल्यावरून कळत होतं. समोरचे टेलर चाचा ओरडले, "क्या मियां, हम्माम खोल लिए क्या? एक बाल्टी इधर भी!"

तेवढ्यात दारात आई उभी. दुकानात वर्षानुवर्षं पाऊल न टाकलेली आई, बाल्कनीत नुसते झाडू बघून आलेली.

"पाणी कुठंय यात?"

"ऊब हवीय, पाणी कशाला?"

"मुडद्या, कोरडा बंब पेटवलास? डाग दिलेले सांधे सुटतील त्याचे! उचल!"

गोणपाटाने धरून मी तो मागच्या अंगणात नेला. आईने निखारे झाडले, बंब निवू दिला, गळ्यापर्यंत पाणी भरलं आणि चार ढलप्यांत पुन्हा पेटवला.

"विस्तव बाहेर, पाणी आत," तिने निकाल दिला.

कढत पाण्याच्या एका घमेल्यात सरसाचं भांडं बसलं. दुसऱ्यात पाणी कोमट करून आईने वडिलांचे हात बुडवले आणि ती वाट बघत राहिली. बोटं हळूहळू मोकळी झाली. त्यांनी हात पुसले, डबीतून चष्मा काढला आणि पट्टी उचलली. ती निसटली नाही.

तेव्हापासून आई रोज येते, कारण माझ्या हाती बंब द्यायला ती तयार नाही. पेटवून झालं की स्टुलावर बसून मतं देते. "हा सूर रडका लागतोय, अहो." वडील चिडतात आणि तोच सूर पुन्हा काढतात.

आता मार्च लागलाय. कामाच्या खोलीत पंखा फिरतोय. काल मी विचारलं, "बाबा, बंब घरी नेऊ का?"

वडिलांनी कपाळावरचा घाम टिपला.

"राहू दे. सकाळचा गारठा असतो अजून."

आईने पदराने वारा घेत माझ्याकडे पाहिलं. "ऐकलंस ना? जा, ढलप्या आण."