अकरा जेरिकॅनची टीम

‘‘राइट हाफ कोण?’’ सुभेदार चौगुले साहेब बंकरच्या तोंडाशी उभे राहून ओरडत होते. सकाळचे सहा वाजले होते. स्टोव्हवर बर्फ वितळत होता आणि आम्ही मगाभोवती हात गुंडाळून बसलो होतो.

‘‘पोस्टमन, साहेब.’’

‘‘का?’’

‘‘बॉल पत्त्यावर पोचवायचा, साहेब.’’

‘‘लेफ्ट बॅक?’’

‘‘दरवान, साहेब.’’

‘‘सेंटर हाफ? शेंडगे, तोंडात बर्फ हाय का?’’

‘‘मास्तर, साहेब.’’

शेंडगे म्हणजे मी. राहणार नेकनूर, जिल्हा बीड. तेव्हा नाईक होतो, रिटायर झालो हवालदार म्हणून. उत्तरेकडच्या एका हिमनदीवर आमची पोस्ट होती. सहा माणसं, दोन बंकर, उंची अठरा हजार फूट. गावात मी वीस हजार सांगतो. वरच्या दोन हजारांनी कुणाचं काही बिघडत नाही. चहा ओठापर्यंत नेईस्तोवर त्याची चिक्की व्हायची, हेही सांगतो. साय धरायची, एवढं खरं आहे.

पोस्टपासून हेलिपॅड सातशे मीटर. रेशन, रॉकेल, पत्रं, सगळं तिथं उतरायचं आणि आम्ही पाठीवर आणायचो. मधल्या बर्फाखाली भेगा होत्या, त्यामुळं वाट सरळ नव्हती. वाटेवर अकरा बांबू रोवले होते, प्रत्येकावर रॉकेलचा रिकामा जेरिकॅन उलटा घातलेला, आणि बांबू ते बांबू दोर. माणूस कुठं आहे हे वायरलेसवर सांगायला त्या बांबूंना नावं लागत. आकडा, अंतर, दिशा सेटवर बोलायची नाही, कारण पलीकडचे कान लावून असतात. दुसऱ्या पोस्टवाल्यांनी नट्यांची नावं ठेवली होती. आमचे साहेब कोल्हापूरचे, तालमीच्या टीममध्ये बूट झिजवून फौजेत आलेले. त्यांनी बर्फावर देशाची जुनी फुटबॉल टीम उभी केली. गोलकीपर आमच्या दारात, पुढं दोन बॅक, मग तीन हाफ, मग पाच फॉरवर्ड. शेवटचा फॉरवर्ड हेलिपॅडच्या कडेला. खेळाडूंची खरी नावं सेटवर घ्यायला साहेब तयार नव्हते. मोठी माणसं, त्यांना असं बोंबलून हाका मारायच्या नाहीत, म्हणाले. म्हणून टोपणनावं.

ही टीम साहेबांनी स्वतः पाहिलेली नव्हती. त्यांच्या वडिलांनी सांगितलेली होती. वडील तालमीत रेडिओभोवती बसून मॅच ऐकायचे आणि रात्री घरी येऊन चुलीपुढं ती खेळून दाखवायचे. त्यातून साहेबांना ती माणसं कळली होती. मास्तर म्हणजे मैदानात कधी पळताना न दिसणारा आणि तरी सगळीकडं आधी पोचलेला. पायाला नुसत्या पट्ट्या गुंडाळून परदेशातल्या ओल्या गवतावर उतरलेला आणि तरीही न घसरलेला तो दरवान. आमच्यापैकी कुणी थंडीची तक्रार केली की साहेब आमच्या चार थरांच्या बुटांकडं बोट दाखवायचे आणि म्हणायचे, ‘‘ती माणसं अनवाणी खेळली. देशासाठी. चल, उचल जेरिकॅन.’’

सगळ्यात कमी बोलणं व्हायचं ते लेफ्ट हाफचं. त्याचं नाव मुका. त्यानं कधी गोल केला नाही, पेपरात फोटो आला नाही. दुसरा चुकला की ती जागा तो भरून काढायचा. साहेबांचे वडील म्हणायचे, मुका दिसला नाही म्हणजे मॅच चांगली चाललीय. बर्फावर मुक्याचा बांबू सगळ्यात वाईट जागी होता. शेजारीच मोठी भेग.

एके दिवशी दुपारी लान्स नाईक तिडके पोस्टवर आला. धारूरचा. बालाघाटातला माणूस, चढ त्याला नवा नव्हता, पण फुटबॉल त्याच्या बापजन्मात नव्हता. साहेब मला म्हणाले, ‘‘तुझ्या गाववाला हाय. संध्याकाळपर्यंत अकराच्या अकरा पाठ करून घे. सकाळी इचारणार.’’

मी दहा नावं नीट शिकवली. मुक्यापाशी आलो आणि मला वाईट वाटलं. अकरा जण, आणि आपल्या बीडचा एकही न्हाई. मी म्हणालो, ‘‘लेफ्ट हाफ, पालीची बिजली.’’

‘‘आपल्या पालीचा?’’

‘‘मग. मेंढरं राखायचा. पालीच्या धरणावरून त्यानं मारलेला बॉल नेकनूरच्या बाजारात मिरचीच्या ढिगात पडला. मिरचीवालीनं त्याचं माप करून अर्धा दिवस मिरच्या विकल्या.’’

‘‘अन् मंग टीममदी कावून न्हाई टिकला?’’

‘‘बूट घालायचा हुकूम निघाला. त्याला सोसंना.’’

तिडकेनं ते नाव दोनदा घोकलं. मग म्हणाला, ‘‘लई मोठी गोष्ट हाय बे. आमाला शाळेत सांगितली न्हाई कुणी.’’ त्यानं ते घरच्या पत्रातही लिहिलं. माझा बेत साधा होता. सकाळी साहेब विचारतील, तिडके छाती काढून पालीची बिजली म्हणेल, पोस्ट हसेल, दोन शिव्या मला बसतील.

पण सकाळी हेलिकॉप्टर लवकर आलं आणि साहेबांची हजेरी राहिली. सामान वाहण्यात दुपार झाली. शेवटच्या खेपेला तिडकेच्या जोडीदाराचं डोकं दुखायला लागलं. तिडके म्हणाला, दोर हाय, मी एकटा आणतो. हवा स्वच्छ होती. साहेबांनी परवानगी दिली. तो १३४० ला, म्हणजे दुपारी एक चाळीसला, निघाला. १४१० ला वारा सुटला. १४२० ला मला माझाच हात दिसेना, आणि हे वाढवून सांगत नाही.

१४३२ ला सेट वाजला.

‘‘घर, घर. पालीच्या बिजलीपाशी. पाय आत गेलाय. दोर तुटला. ओव्हर.’’

‘‘पालीची बिजली कोण?’’ साहेबांनी मला विचारलं. सेट माझ्या हातात होता. ज्या जिभेनं नेकनूरपासून हिमनदीपर्यंत कधी दम घेतला नव्हता, तिनं आताही खोटंच काढलं.

‘‘कळलं न्हाई साहेब. थंडीनं बडबडत असंल.’’

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. ‘‘परत इचार.’’

चार वेळा विचारलं. उत्तर नाही. त्या थंडीत बॅटरीला एकदाच बोलायची ताकद असते. साहेबांनी कमरेला दोर बांधला, दुसऱ्या टोकाला एक जवान घेतला आणि १४४१ ला बाहेर पडले. अशा हवेत एकेका बांबूपाशी थांबून चाचपायचं तर दोन तास लागतात. भेगेत पाय अडकलेल्या माणसाला तेवढे मिळत नाहीत. हे मला माहीत होतं. मी सेट घेऊन बसलो होतो.

१४५३ ला बटण दाबलं.

‘‘साहेब, घरातून. पालीची बिजली म्हणजे मुका. ते नाव मी दिलं होतं. ओव्हर.’’

सेट खरखरला. मग, ‘‘रॉजर. आउट.’’

१६२० ला तिघं आत आले. तिडकेचा एक हातमोजा भेगेत गेला होता. त्याच्या हातात साहेबांचा होता. भेगेतून त्याला साहेबांनी ओढून काढलं होतं. संध्याकाळी साहेबांना खोकला लागला, मग छातीत घरघर. आम्ही ऑक्सिजन लावला आणि आळीपाळीनं पाठ धरून त्यांना बसतं ठेवलं. सकाळी ०७४० ला हेलिकॉप्टर आलं. तिसऱ्या दिवशी बेसच्या हॉस्पिटलमध्ये ते वारले.

तिडकेच्या पायाची दोन बोटं गेली. आता तो धारूरला शेळ्या पाळतो. बिजलीचं मी त्याला खरं सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, ‘‘म्हंजे पालीचा कुणीच न्हवता व्हय.’’ मला वाटतं, त्याला आपल्या बोटांपेक्षा त्याचं जास्त लागलं. आम्ही दोघं भेटलो की अकरा नावं म्हणतो. मुका तिडके म्हणतो, मला म्हणू देत नाही.

मी एकदा कोल्हापूरला साहेबांच्या घरी जाऊन आलो. वहिनींनी सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं, मी नाव दडवलं त्या एकवीस मिनिटांसकट. उंचीसुद्धा अठराच सांगितली. त्या ऐकत राहिल्या आणि शेवटी जेवून जा म्हणाल्या.

एक गोष्ट मात्र त्यांना सांगायची राहिली. ०७४० ला हेलिपॅडवर आम्ही साहेबांचं स्ट्रेचर उचलून आत ठेवलं. पंखा फिरत होता. मी वाकून त्यांच्या कानाशी विचारलं, ‘‘साहेब, मी सेटवर सांगितलं तेव्हा तुमी कुठवर गेलते?’’

त्यांनी तोंडावरचा मास्क दोन बोटांनी बाजूला केला.

‘‘मुक्यापाशीच हुतो. पाय आत जाईल अशी भेग तिथंच हाय,’’ ते म्हणाले. ‘‘बाकीची दहा मला पाठ हाईत.’’