मरून दोऱ्याची पहिली पिढी

खाजाने उभ्या आयुष्यात मोटारसायकल चालवली नव्हती. भद्रकालीतल्या त्याच्या दुकानासमोर दिवसभर गाड्या लागत, पण त्याच्या हातात यायची ती नुसती सीट. गिऱ्हाईक सीट काढून ठेवायचं, कुठं टोचतं ते सांगायचं आणि जायचं. मग खाजा ती उलटी करून बघायचा. जग गाडी तोंडावरून ओळखतं. खाजा बुडावरून ओळखायचा.

‘मुसाफिर’ ही लांब पल्ल्याची गाडी. तिच्या तीन पिढ्या झाल्या. पहिली बारा साली आली आणि दोनच वर्षं टिकली. दुसरी सोळा साली. तिसरी वीस साली, आणि ती मुद्दाम पहिलीसारखी दिसावी अशी घडवलेली, नातवाने आजोबांचा कोट चढवावा तशी. त्यामुळे पहिली कोणती आणि तिसरी कोणती यावरून टपऱ्यांवर वाद झडायचे, चहा निवायचे. खाजाला वाद घालायची गरज नव्हती. पहिलीच्या सीटखाली लोखंडी पत्रा आणि चार बोल्ट. दुसरीला प्लॅस्टिक. तिसरीला प्लॅस्टिक आणि वर किल्लीचं कुलूप. विषय संपला.

पण शहरात चालायची ती शामसुंदर गायधनींची यादी. गायधनी सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले, मुसाफिर मंडळाचे अध्यक्ष. गाडी त्यांनी जुनीच घेतली होती, पण पहिल्या पिढीची. आणि तिच्याकडे बघून बघून त्यांनी ‘पहिली पिढी ओळखण्याच्या अकरा खुणा’ लिहून काढल्या होत्या. यादी लॅमिनेट करून प्रत्येक सभासदाला दिलेली. खूण चौथी : सीटवर मरून दोऱ्याची दुहेरी शिवण.

ही शिवण सकीनाची होती. सकीना खाजाची बायको. दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात पडद्याआड मशीनवर बसायची. बारा साली मुसाफिर नाशकात आली तेव्हा तिची सीट इतकी कडक होती की मुंबईकडे निघालेला माणूस घोटीला पोचेपर्यंत उभा राहून गाडी चालवू लागायचा. पंधरवड्याच्या आत एकेक करून सगळे खाजाकडे आले. खाजाने कंपनीचा फोम उपटून फेकला, नवा भरला, वर नवं रेक्झीन. दोरा मरून, कारण एका मंगल कार्यालयाच्या सोफ्यांच्या कामातून त्याची तीन रिळं उरली होती. शिवण दुहेरी, कारण सकीनाचा एकेरीवर विश्वास नव्हता.

खाजाने हे लपवलं होतं असं नाही; कुणी विचारलंच नाही. ते पहिले मालक गाड्या विकून कधीच मोकळे झाले होते आणि मंडळातल्या सगळ्यांनी गायधनींसारख्या जुन्याच घेतल्या होत्या. एकदा गायधनी दुकानात आले असताना त्या शिवणीवरून अंगठा फिरवून म्हणाले होते, असं काम आता आपल्याकडे होणे नाही, हे माणसाच्या हाताचं कामच नव्हे. खाजाने मान डोलावली. पडद्याआड मशीन थांबलं. त्या दिवसापासून तो बायकोला ‘कंपनी’ म्हणू लागला आणि चहा मागितला की कंपनीला आज सुट्टी आहे, असं उत्तर ऐकू लागला.

यंदा मंडळाने मोठा घाट घातला. गंगापूर रोडच्या एका लॉनवर सगळ्यांनी जमायचं, तिथून वणीपर्यंत जायचं. अकराच्या अकरा खुणा जुळतील त्या गाड्या पुढच्या रांगेत, बाकीच्या मागे. सीट तपासायला परीक्षक खाजा. त्याला छातीवर लावायला बिल्ला मिळाला आणि बसायला पांढरं कव्हर घातलेली, पाठीला सोनेरी बो बांधलेली खुर्ची. आजवर अशा समारंभांतल्या खुर्च्यांची कव्हरं त्याने शिवली होती. बसायची वेळ पहिलीच. सकीनाने त्याचा निळा सदरा इस्त्री केला होता आणि कॉलर दोनदा ओढून सरळ केली होती.

बावीस गाड्या पास झाल्या. प्रत्येक सीटवर खाजाला आपल्या घरातला दोरा दिसत होता आणि प्रत्येक वेळी तो गंभीरपणे मान हलवत होता. मन हे असं चोर असतं. माणूस स्वतःच्याच ऐवजावर पहारा देत बसतो आणि वर साव म्हणवून घेतो.

तेविसावी गाडी हरसूलहून आली, चिखलाने माखलेली. मालक धोंडीराम, आठवडी बाजारात बियाणं विकणारा. त्याने गाडी शोरूममधून घेतली त्याच दिवशी सीटवर चौपदरी घोंगडी बांधली होती, कारण त्याचा बाप घोडीवर तशीच बांधायचा. गायधनींनी घोंगडी सोडायला लावली. खाली काळी कुळकुळीत सीट, आणि काळ्या दोऱ्याची एकेरी शिवण.

गायधनींनी यादी डोळ्यांसमोर धरली आणि दुःखी आवाजात सांगितलं की गाडी आहे पहिल्या पिढीची, पण सीट बदललेली आहे. मागच्या रांगेत जावं.

“म्या हिला हात लावला नाय,” धोंडीराम म्हणाला. “घेतली तवापास्नं घोंगडीखाली हाय. मी नुसता बसलोय तिच्यावर.”

“नियम आहे हो,” गायधनी म्हणाले. “खाजाभाई, तुम्हीच सांगा यांना.”

खाजा खुर्चीतून उठला. पाना घेऊन चार बोल्ट काढले, सीट उलटी केली. लोखंडी पत्रा. त्यावर कंपनीचा कागदी शिक्का, एक कोपरा उडालेला. अशा सत्तर सीट त्याने फाडल्या होत्या. त्यातल्या एकीकडेही धड बघितलं नव्हतं. आता नुसती मान हलवली असती तर धोंडीराम मागे गेला असता, बावीस माणसं खूष राहिली असती आणि खाजा संध्याकाळपर्यंत परीक्षक. तोंड उघडलं तर बिल्ला जाणार, गिऱ्हाईक जाणार, आणि नाशकातला एकमेव जाणकार म्हणून जे काही नाव होतं तेही त्याने स्वतःच खोटं केलेलं असणार. आणि हा बियाणेवाला त्याच्याकडे असा बघत होता, जणू खाजा डॉक्टर आहे.

“साहेब,” खाजा म्हणाला, “कंपनीची सीट ही एकच आहे. बाकी बावीस आमच्या घरच्या.”

गायधनी म्हणाले, ऊन लागलंय तुम्हाला, पाणी घ्या. खाजाने पाणी घेतलं. मग त्याने गायधनींच्याच गाडीची सीट काढली, कडेची एक पिन उचकटली आणि आतलं अस्तर बोटभर बाहेर ओढलं. पिवळ्या कापडावर हिरव्या कैऱ्या.

“आमचा जुना पडदा,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “रेक्झीन घासू नये म्हणून घालतो.”

मग मागून कुणीतरी पाना मागितला. पाच मिनिटांत बावीस सीट हिरवळीवर उलट्या पडल्या होत्या. कुणाच्या पोटातून कैऱ्या निघाल्या, कुणाच्या मोर, एका वकिलाच्या सीटमधून तर खाजाच्या मेहुण्याच्या लग्नातल्या मंडपाची झालर. दहा-बारा वर्षं अस्सलपणाच्या गप्पा मारणारी माणसं एका घराच्या चिंध्यांवर बसून हिमालयापर्यंत जाऊन आली होती.

नियमाप्रमाणे पुढच्या रांगेत एकटा धोंडीराम उरला. नियमाप्रमाणेच त्याला घोंगडी बांधता येईना. दिंडोरी मागे पडेपर्यंत तो रिकिबीत उभं राहावं तसा पायदानांवर उभा राहून गाडी चालवत होता आणि मागचे बावीस जण पडद्यांवर आरामात बसून त्याच्याकडे हेव्याने बघत होते.

बिल्ला गायधनींनी परत मागितला नाही. खाजाने आपणहून खुर्चीवर काढून ठेवला. आठ दिवस दुकानात मुसाफिरची एकही सीट आली नाही. खरं बोलायचंच होतं तर पडदे तरी झाकून ठेवायचे, असं सकीना म्हणाली, आणि मग पुष्कळ वेळ मशीनला तेल घालत राहिली. बावीस जणांनी तिची शिवण उलटी करून पाहिली, हे तिला आवडलं होतं की नाही ते खाजाला कळलं नाही.

नवव्या दिवशी गायधनी आले. चादरीत गुंडाळलेली सीट काखेत. इकडे तिकडे बघून त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि मूळची होती तशी करून मागितली.

“कडक?” खाजाने विचारलं.

“कंपनीची होती तशी.”

साहेबांचं वय त्रेसष्ट, मणक्याचा पट्टा सदऱ्यातून दिसत होता. खाजाने समजावून पाहिलं, की त्या सीटवर माणूस तासभर बसू शकत नाही.

“खाजाभाई,” गायधनी म्हणाले, “प्रश्न कमरेचा नाही.”

दुसऱ्या दिवशी आणखी चार आल्या, मग सात. पण वाईट सीट करायची कशी हे खाजाला येत नव्हतं. त्याने फोम घट्ट भरून पाहिला. सकीना बसली आणि बरी आहे म्हणाली. नारळाचा काथ्या घालून पाहिला. ती म्हणाली, थोडी डुलकी येते. तिसरी फाडल्यावर खाजाने सकाळची एसटी पकडली.

हरसूलच्या बाजारात धोंडीरामची गाडी पिंपळाखाली उभी होती. त्याने काही न विचारता घोंगडी सोडली. खाजा चप्पल काढून, स्टँडवर लावलेल्या त्या गाडीवर चढून बसला, हँडल धरलं आणि डोळे मिटले. समोर बाया वालाचं बी निवडत होत्या. दोन म्हातारे हा माणूस कुठं निघालाय ते बघायला थांबले आणि थांबून थांबून कंटाळून गेले.

अर्ध्या तासाने धोंडीरामने विचारलं, “सापडलं का काय ते?”

“डाव्या बाजूला टोचायला लागलंय,” खाजा डोळे न उघडता म्हणाला. “उजवीकडचं अजून यायचंय.”