तेरा नंबरची बरणी

वनस्पतिशास्त्र विभागात तिला सगळे मावशी म्हणत. तिच्याहून चार वर्षांनी मोठ्या असलेल्या विभागप्रमुख मॅडमसुद्धा. हुद्दा शिपायाचा. सकाळी वस्तीबाहेरच्या तळ्यावर जायचं, प्रात्यक्षिकाला लागणाऱ्या वनस्पती आणायच्या, ट्रेमध्ये मांडायच्या आणि दुपारी मुलांनी केलेला चुथडा उचलायचा. एकवीस वर्षं हेच.

वनस्पतीची ओळख तिला डोळ्यांआधी बोटांनी पटे. देठ चिमटीत धरून फिरवायचा. तीन धारा लागल्या तर तो नागरमोथ्याच्या घरातला, गोल फिरला आणि मध्ये गाठ लागली तर गवत. पान पाण्याच्या वर उभं आणि अखंड गोल असेल तर कमळ; पाण्यावर आडवं पडलेलं आणि देठापर्यंत चिरलेलं असेल तर कुमुद. देठ फुगलेला दिसला की मुलं डोळे मिटून जलपर्णी लिहीत. ती कुजबुजत सांगे, अरे, शिंगाड्याचाही देठ फुगतो, पानाला दाते आहेत का ते बघ.

त्या वर्षी प्रयोगशाळा सहाय्यकाची जागा रिकामी झाली. नोकरीत असलेल्यांसाठी परीक्षा होती: वीस नमुने ओळखायचे, प्रत्येकाचं नाव आणि एक खूण लिहायची. अठरा बरोबर आले तर जागा. त्या जागेने चिखलातून सुटका होणार नव्हती, आणि तशी सुटका तिला नकोही होती. नमुन्याखालची चिठ्ठी सहाय्यकाने लिहायची, असा विभागाचा नियम होता. तिला ती चिठ्ठी स्वतःच्या अक्षरात लिहायची होती.

घरी तयारी करून घ्यायला नणंद होती. छापखान्यात प्रूफं तपासण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नमुन्यांच्या वाट्या मांडून ती एकेक पुढे सरकवी.

"एवढी पारख आहे तुला, वहिनी," ती एकदा म्हणाली, "मग माझ्या भावाला हो म्हणताना कुठे ठेवली होतीस?"

भाऊ पेपराआडून म्हणाला की तेव्हा खूण विचारली नव्हती.

परीक्षेच्या आठवड्यात एका सकाळी तळ्याला पाणी कमी होतं. वेखंडाचं एक पान पाण्यावर तरंगत काठाला आलं होतं. तिने ते घरी आणून चुरगाळलं. टेबलभर वास सुटला. पानाची मधली शीर बोटाला चांगलीच उठावाची लागत होती, आणि नेमकी मधोमध नव्हती, एका कडेला सरकलेली होती. तिचं बोट तिथेच थांबलं. विभागात तेरा नंबरच्या बरणीत, फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेलं वेखंड तिच्या डोळ्यांपुढे आलं. त्या पानाला अशी शीर नव्हती.

ती बरणी तिनेच भरली होती, नोकरीच्या पहिल्या वर्षी. वेखंडाचा पुंजका चिखलापलीकडे होता. ती गुडघ्यापर्यंत रुतली, घाबरली, मागे फिरली. काठावर तशीच लांब, तलवारीसारखी पानं उभी होती; ती कापून तिने नेली. दोन्ही एकच, असं तिने तेव्हा स्वतःला सांगितलं. ते पाणकणीस होतं. त्याला अजून कणीस आलं नव्हतं, एवढंच. आणि फॉर्मॅलिनमध्ये गेल्यावर सगळ्याला एकच वास येतो, त्यामुळे कुणी कधी हुंगून पाहिलं नाही. प्रात्यक्षिकाला दरवर्षी तीच बरणी निघे, म्हणून ताजं वेखंड आणायची वेळ पुन्हा आली नाही.

नणंदेने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पुस्तक बाहेर गेल्यावर चूक सापडली तर आम्ही शुद्धिपत्र चिकटवतो. लाजत चिकटवतो, पण चिकटवतो."

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती मॅडमकडे गेली. मॅडमनी बरणी खिडकीपाशी नेली, बराच वेळ उजेडात फिरवली. उत्तरसूची सीलबंद होऊन गेली होती. परीक्षेतही ही बरणी तेराव्या नंबरलाच मांडायची होती, आणि सूचीत तेरा नंबरपुढे वेखंड होतं.

"उद्या वेखंडच लिहा, मावशी. परीक्षा झाली की बरणी बदलू. कुणाचं काही बिघडत नाही."

हे मायेने म्हटलं होतं. अडचण तीच होती. दटावलं असतं तर सोपं गेलं असतं.

परीक्षेत चौथ्या आणि नवव्या नंबरला सूक्ष्मदर्शकाखाली शेवाळाच्या काचपट्ट्या होत्या. सूक्ष्मदर्शक तिने एकवीस वर्षं पुसला होता. त्यात डोकावणं शिपायाचं काम नव्हतं. दोन्ही उत्तरं तिने अंदाजाने लिहिली आणि दोन्ही गेली हे तिला तिथेच कळलं. आता आणखी एकही नमुना चुकायला नको होता. ती तेराव्यापाशी आली.

बाहेरून आलेल्या परीक्षकांना तिने विचारलं, बरणी उघडू का. ते म्हणाले, प्रात्यक्षिकच आहे, उघडा. पान बाहेर काढून तिने ब्लेडने त्याची एक आडवी चकती कापली. आत लहान लहान रिकाम्या खोल्यांची ओळ होती, इतकी वर्षं कुणी दार न उघडलेल्या. तिने लिहिलं: पाणकणीस. पान कापल्यावर आत हवेच्या खोल्या दिसतात. वेखंड समजून ही बरणी मी भरली. चूक माझी. लिहून झाल्यावर ती चकती तिने कागदावर ठेवली. कागद तेवढ्यापुरता ओला झाला.

परीक्षकांनी मॅडमना बोलावलं. मॅडमनी चकती पाहिली आणि उत्तर बरोबर आहे, सूचीच चुकली आहे, असं सरळ सांगितलं. मग तिच्याकडे वळल्या.

"एकवीस वर्षं मी हे मुलांना दाखवलं."

"आणि मी तुम्हाला," ती म्हणाली.

परीक्षक भले गृहस्थ होते, पण सीलबंद सूची बदलण्याचा त्यांना अधिकार नव्हता. त्यांनी लाल शाईने शेरा लिहिला आणि खाली आकडा मांडला: सतरा.

"सतरा?" नणंद म्हणाली. "एवढ्याच चुका केल्या तर आमच्याकडे बढती देतात." मग हसू आवरून तिने विचारलं, पुढची परीक्षा कधी. वर्षाने, ती म्हणाली, आणि उद्या सकाळी मला लवकर निघायचंय.

सकाळी ती एक फळी घेऊन तळ्यावर गेली. फळी संपली तिथून पुढे चिखल मांडीपर्यंत आला. ती थांबली, श्वास घेतला, पुढचा पाय टाकला. पुंजक्यापाशी पोचून तिने पान चुरगाळून हुंगलं, मग मुळासकट एक रोप उपटलं.

विभागात मॅडमनी कोरी चिठ्ठी आणि पेन तिच्यापुढे सरकवलं. नियमाचं काय, असं तिने विचारलं नाही. नव्या बरणीवर तिने वेखंड लिहिलं. जुनी बरणी टाकू दिली नाही. तिच्यावरची जुनी चिठ्ठी तशीच ठेवून खाली दुसरी चिकटवली: पाणकणीस, वरचं नाव चुकीचं. दोन्ही बरण्या शेजारी ठेवल्या.

दुपारी मुलं गेल्यावर मॅडमनी सूक्ष्मदर्शकावरचं कापड काढलं आणि खाली शेवाळाची काचपट्टी ठेवली. ती फडकं घेऊन आली.

"पुसायला नाही. बसा."

पहिले दोन दिवस तिला स्वतःच्या पापण्याच दिसल्या. तिसऱ्या दिवशी, स्क्रू केसभर फिरवल्यावर, समोर एक हिरवी फीत उभी राहिली, नळीच्या आत पीळ घालत गेलेली. डोळा न हलवता तिने डाव्या हाताने वही जवळ ओढली.