उजवी पाकळी

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, तो गेल्यावर लेकाजवळही नाही. मग आता का बोलतेस, म्हणाल. काय माहीत! बोलते आहे, ऐका.

नवापूरच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी आमची कोळ्यांची वाडी. तारापूरला विजेच्या कारखान्यासाठी जमिनी मोजायला साहेबलोक येऊ लागले होते, त्या सुमाराची ही गोष्ट. माझा नवरा वाडीच्या देवीचा पुजारी. पूजेचा मान त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला, आणि मला त्याचा तोरा होता. खोटं कशाला बोलू? बाजारातसुद्धा मी जरा मान वर करूनच चालायचे.

काशी आमच्या शेजारची. तिचा नवरा होडी घेऊन गेला तो परतलाच नाही. पदरी एक लहानगी पोर, मंजू. काशी दुसऱ्यांचे बोंबील वाळत घालायची, देवळाचं अंगण सारवायची आणि कामात काम माझी थट्टा करायची. "पुजारीणबाय, आज देवी उठली का तुमच्या आधी?" अशी. माझी मैत्रीण होती ती. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकताना माझ्याबद्दल बरं वाटून घ्यायला नको.

नवरात्राच्या आधी देवीचे दागिने रिठ्याच्या पाण्यात धुवायचे, हे काम माझं. त्या वर्षीही धुतले. परातीतलं फेसाळ पाणी रिठ्याच्या सालींसकट उकिरड्यावर ओतलं, दागिने पुसून डब्यात ठेवले. घट बसायच्या दिवशी डबा उघडला तर नथ नाही! कुठे गेली असेल ते मला त्याच क्षणी कळलं — पाण्याबरोबर, दुसरं काय? धावत गेले, उकिरडा हातांनी उपसला. नाही मिळाली.

तेव्हाच सांगायचं होतं ना? सांगितलं नाही. पुजाऱ्याच्या बायकोनं देवीची नथ उकिरड्यावर फेकली, हे कळलं असतं तर पूजेचा मान आमच्या घरातून गेला असता. मी म्हटलं, "डबा तर इथंच देवळात होता." त्या दिवशी देवळात सारवायला आणखी कोण होतं, ते मला सांगावंही लागलं नाही.

पालघरहून पोलीस नकोत, वाडीची अब्रू जाते, असं पंच म्हणाले. देवीलाच विचारू. आमच्याकडे देवीला कौल लावतात. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाची ओली पाकळी चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पाकळ्या लावायचा माझा नवरा. पण त्याआधी देवीला अंघोळ घालायची मी.

मूर्ती पुसताना उजव्या खांद्यावर मी तेलाचं बोट फिरवलं.

बस, एवढंच. एवढंसं काम! नवऱ्यानं विचारलं, "आई, नथ काशीनं घेतली असेल तर उजवा दे." उजवी पाकळी घसरली. बायकांनी तोंडाला पदर लावले.

काशी रडली नाही. माझ्याकडे आली, माझा हात धरला आणि म्हणाली, "देवी खोटी कशी बोलंल? मी झोपेत तर नाय ना घेतली, गं?"

मी हात सोडवून घेतला.

सरकारनं काळ्या पाण्याची शिक्षा बंद केली होती म्हणे. आमच्या वाडीनं नाही केली. दसरा झाल्यावर एक गलबत गुजरातेत जाफराबादेला चाललं होतं, तिथल्या शेठांकडे मासळी सुकवायला बायामाणसं लागतात. काशीला त्यात बसवलं. परत वाडीत पाय ठेवायचा नाही. पोर नवऱ्याच्या घराण्याची म्हणून दिरानं ठेवून घेतली. मंजू किनाऱ्यावर "आये, आये" करत पाण्यात शिरली, तिला कुणीतरी काखेत उचलून आणलं. कुणीतरी काय — मीच आणलं.

चैत्रात घरामागच्या वाडग्यात भाजी लावायला उकिरड्यातलं खत काढत होते, तर पाटीत नथ! मोती काळे पडलेले, पण तीच. अजून वेळ गेली नव्हती. पावसाआधी होड्या ये-जा करत होत्या, एक निरोप धाडला असता तर काशी परत आली असती. मी नथ पदरात बांधली, भरतीच्या वेळी खाडीवर गेले आणि फेकून दिली. कौलाच्या वेळी भ्याले होते, असं म्हणता येईल. या वेळी कुणी माझ्या मागे लागलं नव्हतं.

पुढे कितीतरी वर्षांनी जाफराबादेहून आलेला, गलबत हाकणारा एक तांडेल माझं घर विचारत आला. काशी तिकडेच वारली होती. मरायच्या आधी तिनं निरोप दिला होता, आणि तो माझ्याकडेच द्यायचा म्हणाली होती: "माज्या मंजूला सांग, मी नाय घेतली. कौलाचं मला कळत नाय, पन मी नाय घेतली."

मंजूचं लग्न तेव्हा ठरलं होतं. मी तिला काही सांगितलं नाही. हळदीच्या दिवशी तिनंच मला आत बोलावून विचारलं, "काकी, माज्या आयेनं खरंच घेतली व्हती?"

मी म्हणाले, "देवीचा कौल खोटा असतो का, बाय?"

ती मान खाली घालून बोलली, "मग तिचं नाव सासरी नको काढाया."

आता ती पालघरला असते, सुना-नातवंडांत. जत्रेला येते, माझ्यासाठी चवळी आणते, शेजारी बसून गप्पा मारते. तिच्या मुलांना आजीचं नावसुद्धा ठाऊक नाही. परवा तिच्या नातीनं विचारलं, "तुझी आई कोण होती गं?" मंजूनं माझ्याकडे बोट दाखवलं, आणि मी हसून त्या पोरीला मांडीवर घेतलं.